समाजमंदिराचे व्यवस्थापन

समाजमंदिर म्हणजे एखाद्या गावातील, वस्तीतील किंवा सार्वजनिक गृहनिर्माण वसाहतीतील रहिवाशांच्या सामाईक उपयोगासाठी सार्वजनिक निधीतून बांधलेले सभागृह होय. या सभागृहाची मालकी व ताबा निश्चित करणे, वापरासाठी पाळी ठरवणे, भाडे व अनामत रक्कम घेणे, स्वच्छता, वीज, पाणी व दुरुस्ती पाहणे, हिशेब ठेवणे आणि वापरात समानता राखणे या सर्व कामांना मिळून समाजमंदिराचे व्यवस्थापन असे म्हणतात. महाराष्ट्रात समाजमंदिरे बांधण्यासाठी अनेक शासकीय योजना आहेत. बांधून झालेली वास्तू चालवण्याची जबाबदारी मात्र बहुतेक वेळा ग्रामपंचायत, नगरपरिषद, गृहनिर्माण संस्था किंवा स्थानिक मंडळाकडे येते. बांधकामासाठी निधी एकदाच लागतो, व्यवस्थापनासाठी तो दरवर्षी लागतो. या विषयातील बहुतेक प्रश्न या फरकातूनच निर्माण होतात.

या लेखात गोंदिया जिल्ह्यातील वस्त्यांचा विशेष संदर्भ घेऊन समाजमंदिराच्या व्यवस्थापनाची माहिती दिली आहे.

## नाव व अर्थ

‘समाजमंदिर’ या शब्दातील ‘मंदिर’ हे पद देवालय या अर्थाने आलेले नाही. संस्कृतात व जुन्या मराठीत ‘मंदिर’ म्हणजे घर किंवा वास्तू. विद्यामंदिर, नाट्यमंदिर, बालमंदिर हे शब्दही याच अर्थाने रूढ झाले आहेत. समाजमंदिर ही त्यामुळे कोणत्याही एका धर्माची वा पंथाची वास्तू नसते.

‘समाज’ हा शब्द मात्र मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. एका अर्थाने समाज म्हणजे सर्व माणसे. दुसऱ्या अर्थाने समाज म्हणजे एखादी जात किंवा ज्ञाती. पूर्व विदर्भात अनेक ज्ञातींनी स्वतःच्या वर्गणीतून उभारलेली ‘समाजभवने’ आहेत. ती सहसा नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या मालकीची असतात आणि तिच्या घटनेनुसार चालतात. सार्वजनिक निधीतून बांधलेले समाजमंदिर हे यांहून कायद्याने वेगळे आहे. व्यवहारात हा भेद पुष्कळदा पुसट होतो आणि मग ‘हे सभागृह कोणाचे’ असा वाद उभा राहतो.

याच प्रकारच्या वास्तूंना सांस्कृतिक भवन, बहुउद्देशीय सभागृह, सभामंडप, कल्याण केंद्र अशीही नावे आहेत. योजनेनुसार नाव बदलते. व्यवस्थापनाचे प्रश्न बहुतांशी सारखेच राहतात.

## इतिहास

### पूर्वपीठिका

गावाने एकत्र बसण्याच्या जागा महाराष्ट्रात पूर्वापार होत्या. चावडी, वडापिंपळाचा पार, देवळापुढील सभामंडप आणि वाटसरूंसाठी धर्मशाळा ही त्यांची प्रमुख रूपे. या जागा सामाईक म्हटल्या जात असल्या तरी अस्पृश्य मानलेल्या जातींना तेथे समान प्रवेश नव्हता. स्त्रियांचाही तेथील वावर मर्यादित असे.

या स्थितीला कायदेमंडळाच्या पातळीवर छेद देणारी महत्त्वाची घटना म्हणजे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात संमत झालेला रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे या ठरावाने मान्य केले. १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह याच ठरावाच्या पार्श्वभूमीवर झाला. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली वास्तू सर्वांची असते, या तत्त्वाचा महाराष्ट्रातील इतिहास येथपर्यंत मागे जातो.

सभागृहाला समाजजीवनात किती महत्त्व येऊ शकते, याचे उदाहरण म्हणून परळच्या दामोदर हॉलचा उल्लेख करता येतो. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगशी हे सभागृह संबंधित होते. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे बोलावलेल्या बैठकीत बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार झाला आणि त्याच वर्षी २० जुलै रोजी ही संस्था स्थापन झाली. गिरणगावातील कामगारांच्या एकेका खोलीच्या घरांत सभा घेण्याइतकी जागा नव्हती. ती गरज अशा सभागृहांनी भागवली.

विदर्भात संत गाडगेबाबांनी धर्मशाळांच्या रूपाने या विषयाला वेगळे वळण दिले. लोकवर्गणीतून उभारलेल्या धर्मशाळा त्यांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या आणि स्वतःच्या कुटुंबाचा त्यांवर हक्क ठेवला नाही. मालकी एका व्यक्तीची नको, हिशेब उघडा हवा आणि स्वच्छता रोजची हवी, हा त्यांच्या कामातील आग्रह आजच्या व्यवस्थापनालाही लागू पडतो.

### सार्वजनिक गृहनिर्माण वसाहती

मुंबई शासनाने १९२० मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. लहान खोल्यांमुळे तेथील लग्ने, सभा, उत्सव व खेळ मोकळी मैदाने, गच्च्या आणि मंडळांच्या जागांवर होत. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी निर्माण झाला आणि त्यातून चालणारी कामगार कल्याण केंद्रे औद्योगिक वस्त्यांत वाचनालय, शिवणवर्ग, शिशुमंदिर व नाट्यस्पर्धा यांची केंद्रे बनली.

स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळांनी मोठ्या वसाहती उभारल्या. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, १९७६ अन्वये निरनिराळी मंडळे एकत्र आणून म्हाडा हे प्राधिकरण अस्तित्वात आले. त्याच्या नागपूर मंडळाच्या कार्यक्षेत्रात गोंदिया जिल्हा येतो. मुंबईत म्हाडाच्या अखत्यारीतील झोपडपट्टी सुधार मंडळ समाजमंदिर, बालवाडी व व्यायामशाळा बांधते. त्यांची देखभाल पुष्कळदा स्थानिक संस्थांकडे दिली जाते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनांतही बालवाडी, कल्याण केंद्र व सोसायटी कार्यालय यांसाठी जागा ठेवणे नियमाने आवश्यक आहे.

### ग्रामीण भागातील वाढ

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाने गावोगावी समाजकेंद्रांची कल्पना नेली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. पुढे मागासवर्गीय वस्त्यांच्या सुधारणेच्या योजनांतून समाजमंदिरांची संख्या वाढत गेली. १९९३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेला खासदार स्थानिक क्षेत्रविकास कार्यक्रम आणि आमदारांचा स्थानिक विकास निधी यांमुळे बांधकामाला आणखी वेग आला.

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय आहेत. त्यांतील एकोणतिसावा, म्हणजे शेवटचा विषय ‘सामुदायिक मत्तेची देखभाल’ हा आहे. समाजमंदिराच्या देखभालीला घटनात्मक आधार असलेले हे स्थान आहे.

## गोंदिया जिल्ह्यातील स्वरूप

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. त्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव असे ८ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. लोकवस्ती प्रामुख्याने ग्रामीण असून धान हे मुख्य पीक आहे.

येथे महानगरांतल्यासारख्या उंच इमारतींच्या वसाहती थोड्या आहेत. सार्वजनिक पैशातून झालेली घरे मुख्यतः घरकुलांच्या रूपात, म्हणजे इंदिरा आवास योजना व तिच्या जागी २०१६ मध्ये आलेली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण), रमाई आवास योजना व शबरी आवास योजना यांतून बांधली गेली आहेत. घरकुल लहान असते आणि अंगणही बेताचे असते. घरात लग्नकार्य, नामकरण, तेरवी किंवा पाहुण्यांची सोय होणे कठीण असल्याने वस्तीतील समाजमंदिर हे प्रत्येक घराच्या बाहेरच्या खोलीसारखे काम करते. गोंदिया शहरात यांच्या जोडीला रेल्वेची व शासकीय कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आणि नगरपरिषदेच्या वार्डांतील सभागृहे आहेत.

गावाला जोडून असलेल्या लहान वस्तीला या भागात ‘टोली’ किंवा ‘टोला’ म्हणतात. मुख्य गावातील समाजमंदिर टोलीपासून दूर असले तर टोलीतील लोक त्याचा वापर क्वचितच करतात. समाजमंदिर कोठे बांधले जाते, यावर पुढे ते कोण वापरेल हे बऱ्याच अंशी ठरते.

### वर्षभरातील वापर

समाजमंदिराचा वापर शेतीच्या व सणांच्या चक्राशी बांधलेला असतो. आषाढ-श्रावणात रोवणीच्या दिवसांत सभागृह दिवसा रिकामे राहते. याच काळात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बौद्ध वस्त्यांत वर्षावासानिमित्त संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. गुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना काही गावांत अशाच सभागृहात होते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. दंडार व नाटक उघड्या मैदानावर होत असले तरी तालमी, कलावंतांचा मुक्काम व पाहुण्यांची जेवणे यांसाठी सभागृह लागते. उन्हाळ्यात लग्नसराईमुळे मागणी सर्वाधिक असते.

याशिवाय महिला बचत गटांच्या बैठका, आरोग्य शिबिरे, लसीकरण, ग्रामसभा, विद्यार्थ्यांची अभ्यासिका, निवडणुकीतील मतदान केंद्र असे उपयोग वर्षभर होत असतात. पूर किंवा साथीच्या काळात शाळांबरोबर समाजमंदिरेही तात्पुरत्या निवाऱ्यासाठी उपयोगी पडतात.

## मालकी व ताबा

व्यवस्थापनाची पहिली पायरी मालकीची स्पष्ट नोंद ही आहे. निधी देणारा विभाग, बांधकाम करणारी यंत्रणा, जमिनीचा मालक आणि वापरणारे रहिवासी हे चार वेगवेगळे पक्ष असू शकतात. सर्वसाधारणपणे पुढील प्रकार आढळतात :

* ग्रामपंचायत क्षेत्र : जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांत, तसेच आदिवासी विकास विभागाच्या ठक्कर बाप्पा योजनेतून आदिवासी वस्त्यांत बांधलेली सभागृहे. गोंदिया जिल्ह्यासाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय देवरी येथे आहे. काम पूर्ण झाल्यावर वास्तू सहसा ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते आणि तिची नोंद स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना २२ मध्ये, करावी लागते.
* नगरपरिषद व नगरपंचायत क्षेत्र : सभागृह नागरी स्थानिक संस्थेच्या मालकीचे असते. ती स्वतः ते चालवते किंवा कराराने एखाद्या संस्थेकडे देते.
* म्हाडा व तत्सम वसाहती : इमारती सहकारी गृहनिर्माण संस्थांकडे गेल्या तरी संपूर्ण वसाहतीसाठी असलेले सभागृह एका संस्थेचे होत नाही. त्याचा ताबा प्राधिकरण, स्थानिक संस्था किंवा सर्व संस्थांचा संघ यांपैकी कोणाकडे आहे, हे कागदोपत्री स्पष्ट असणे आवश्यक असते.
* शासकीय निवासस्थाने : रेल्वे, पोलीस वा अन्य विभागांची सभागृहे त्या त्या विभागाच्या नियमांनुसार चालतात.

हस्तांतरणाची नोंद झाली नाही तर वास्तू कोणाच्याच हिशेबात येत नाही. दुरुस्तीचा अर्ज केल्यास प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. त्यामुळे ताबापावती, जागेचा उतारा, नकाशा, वीजजोडणीची कागदपत्रे व साहित्याची यादी एकत्र ठेवणे हे व्यवस्थापनाचे पहिले काम मानले जाते.

## व्यवस्थापनाच्या पद्धती

### प्रत्यक्ष व्यवस्थापन

ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद आपल्या कर्मचाऱ्यामार्फत सभागृह चालवते. पैसे अधिकृत पावतीवर, ग्रामपंचायतीत नमुना ७ वर, घेतले जातात व ग्रामनिधीत जमा होतात. लेखापरीक्षण होत असल्याने ही पद्धत हिशेबाच्या दृष्टीने सुरक्षित आहे. मात्र कर्मचारी कमी असतात, कार्यालयाची वेळ संपल्यावर किल्ली मिळत नाही आणि रात्रीच्या सभागृहाकडे कोणाचे लक्ष राहत नाही.

### रहिवाशांची समिती

वस्तीतील स्त्री-पुरुषांची समिती रोजचा कारभार पाहते आणि मालकी ग्रामपंचायतीकडे राहते. शेजारचे लोकच जबाबदार असल्याने स्वच्छता व देखरेख चांगली होते. समितीची मुदत, निवड व हिशेब यांचे नियम नसतील तर तीच ती माणसे वर्षानुवर्षे राहतात आणि सभागृह एका गटाचे होऊन बसते.

### संस्थेला चालवण्यास देणे

नोंदणीकृत मंडळ, महिला बचत गटांचा संघ किंवा ग्रंथालय यांना ठरावीक मुदतीच्या कराराने सभागृह दिले जाते. मुदत, भाड्याची कमाल मर्यादा, रहिवाशांसाठी राखीव दिवस आणि करार रद्द करण्याच्या अटी लेखी असाव्या लागतात. ग्रामपंचायतीची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देण्यावर कायद्याची बंधने असल्याने केवळ मासिक सभेतील तोंडी संमती पुरत नाही.

### सामाईक साधनांचा विचार

अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जंगल, पाणी, कुरणे यांसारखी सामाईक साधने लोक स्वतः कशी टिकवतात, याचा अभ्यास मांडला. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वापरणारे कोण हे स्पष्ट असणे, नियम स्थानिक परिस्थितीला जुळणारे असणे, नियम ठरवताना वापरणाऱ्यांचा सहभाग असणे, देखरेख करणारे लोकांना उत्तरदायी असणे, नियमभंगाला पायरीपायरीने शिक्षा असणे आणि तंटे लवकर मिटवण्याची सोय असणे ही त्यांनी सांगितलेली काही लक्षणे होत. समाजमंदिर हे निसर्गनिर्मित साधन नसले तरी ही लक्षणे त्यालाही लागू होतात. गावतलावाच्या पाण्याची पाळी ज्या गावांना ठाऊक आहे, त्यांना सभागृहाची पाळी समजावणे कठीण नाही.

## दैनंदिन कारभार

### किल्ली

लहान वस्तीत व्यवस्थापनाचा प्रश्न शेवटी किल्लीच्या प्रश्नापाशी येतो. किल्ली एका प्रतिष्ठित व्यक्तीच्या घरी असेल तर सभागृह मागण्यासाठी त्या घरी जावे लागते. ज्यांचे त्या घराशी जाणे-येणे नाही, ज्यांनी निवडणुकीत विरुद्ध बाजू घेतली आहे किंवा ज्या स्त्रियांना संध्याकाळी परक्या घरी जाणे अवघड वाटते, ते मागायलाच जात नाहीत. नियमाने कोणालाही मनाई नसते, तरी वापर मोजक्या लोकांपुरता उरतो.

यावर साधा उपाय म्हणजे किमान दोन किल्ल्या, त्यांपैकी एक महिला सदस्याकडे. किल्ली दिल्या-घेतल्याची तारीख, वेळ व सही असलेली वही. आणि किल्ली कोणाकडे आहे हे सभागृहाच्या दारावर लिहिलेले असणे.

### नोंदणी व प्राधान्य

तारखा देण्यासाठी एकच वही असावी व ती सर्वांना पाहता यावी. एकाच दिवसासाठी दोन अर्ज आल्यास कोणाला प्राधान्य मिळेल, हे आधी ठरलेले असावे. पुष्कळ ठिकाणी पुढील क्रम सोयीचा ठरतो : आपत्ती व मृत्यूसंबंधीचे प्रसंग, शासकीय व ग्रामसभेची कामे, वस्तीतील रहिवाशांची कार्ये, गावातील इतरांची कार्ये, बाहेरील व व्यापारी वापर. समान प्राधान्य असल्यास आधी अर्ज करणाऱ्याला तारीख मिळते. बचत गट व अभ्यासिका यांसारख्या नियमित वापरासाठी आठवड्यातील ठरावीक वेळ राखून ठेवली नाही, तर लग्नसराईत त्यांनाच पहिल्यांदा बाहेर पडावे लागते.

### स्वच्छता व साहित्य

सभागृह घेताना व परत करताना दोन्ही पक्षांनी मिळून पाहणी करणे आवश्यक आहे. खुर्च्या, सतरंज्या, पंखे व भांडी यांची मोजदाद त्याच वेळी होते. मोठी भांडी व मांडव गावातील बिछायत केंद्राकडून आणले जात असल्याने सभागृहाचे साहित्य व भाड्याचे साहित्य यांवर वेगळी खूण ठेवतात. कार्य झाल्यावर उरलेले अन्न व पत्रावळी यांची विल्हेवाट कोणी लावायची, हे अनामत रकमेच्या अटीत लिहिलेले असते.

### देखभाल

पूर्व विदर्भातील जोरदार पावसामुळे छताची गळती ही मुख्य अडचण आहे. पावसाळ्यापूर्वी स्लॅबवरील पालापाचोळा काढणे व पाणी वाहून नेणारे नळ मोकळे करणे या अल्पखर्चिक कामाने मोठी दुरुस्ती टळते. दारे-खिडक्यांना वाळवी लागणे, शौचालयाची टाकी भरणे आणि उघड्या विजेच्या तारा या इतर नेहमीच्या बाबी आहेत. शौचालय बंद असलेले सभागृह स्त्रियांच्या दृष्टीने अर्धे बंदच असते. दिव्यांग व्यक्तींसाठी उतरंड व हाताला आधार असणे २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या हेतूला धरून आहे.

## अर्थव्यवहार

समाजमंदिराचे उत्पन्न मुख्यतः भाड्यातून येते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून व वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून देखभालीचा खर्च करता येतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी व १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, अशी तरतूद आहे.

खर्चातील एक भाग सभागृह बंद असले तरी चालूच राहतो. वीज न वापरताही देयकात स्थिर आकार येतो. तो काही महिने थकला की जोडणी तोडली जाते, अंधारामुळे वापर थांबतो, वापर थांबल्याने भाडे येत नाही आणि थकबाकी वाढत जाते. बंद पडलेल्या सभागृहात धानाची पोती, तणस किंवा बांधकामाचे साहित्य ठेवले जाऊ लागते. हे चक्र सुरू झाल्यावर सभागृह पुन्हा उघडणे हे ते चालू ठेवण्यापेक्षा महाग पडते.

पुढील हिशेब केवळ समजण्यासाठी कल्पिलेला आहे. समजा, एका समाजमंदिराचा वार्षिक खर्च वीज ६,००० रुपये, सफाई १२,००० रुपये, किरकोळ दुरुस्ती ३,००० रुपये असा आहे आणि रंगकाम व छतासाठी दरवर्षी १५,००० रुपये बाजूला ठेवायचे आहेत. एकूण ३६,००० रुपये झाले. वर्षात रहिवाशांची २० कार्ये प्रत्येकी ८०० रुपयांनी व बाहेरील ६ कार्यक्रम प्रत्येकी २,००० रुपयांनी झाले, तर उत्पन्न २८,००० रुपये होते. तूट ८,००० रुपयांची आहे. ती भरून काढण्यासाठी रहिवाशांचे भाडे १,२०० रुपये केले तर हिशेब जुळतो; परंतु ज्यांच्यासाठी सभागृह बांधले त्यांतील गरीब कुटुंबे कमी होऊ लागतात. ग्रामपंचायतीने वर्षाला ८,००० रुपयांची तरतूद केली तर भाडे तेवढेच राहते. दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला न ठेवल्यास मात्र कागदावर ७,००० रुपये शिल्लक दिसतात आणि काही वर्षांनी छत गळू लागते. बहुतेक समाजमंदिरांचा जमाखर्च या तिसऱ्या प्रकाराने मांडला जात असल्याचे दिसते.

## कायदेशीर चौकट

* समान प्रवेश : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार शासनाच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या सार्वजनिक जागांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणावरही बंधन घालता येत नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून अशा जागेचा वापर नाकारणे हा गुन्हा आहे.
* ध्वनी : ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. बंदिस्त सभागृहाच्या आत संवादासाठी केलेला वापर यास अपवाद असून त्यात समाजसभागृहांचा स्पष्ट उल्लेख आहे. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सभागृहाबाहेर लावलेला कर्णा या अपवादात बसत नाही.
* निवडणूक : आचारसंहितेच्या काळात सार्वजनिक जागा कोणत्याही एका पक्षाला मक्तेदारीने वापरता येत नाहीत.
* लोकप्रतिनिधींचा निधी : खासदार निधीतून झालेली वास्तू सार्वजनिक उपयोगासाठीच असावी लागते. या निधीतील किमान १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या व ७.५ टक्के रक्कम अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवणे अपेक्षित असते.

## वादाचे मुद्दे

### धार्मिक वापर

समाजमंदिरात मूर्ती किंवा प्रतिमा बसवावी की नाही, यावर अनेक गावांत मतभेद असतात. एक बाजू अशी की, वस्तीतील लोकांची श्रद्धा व अस्मिता त्या वास्तूशी जोडलेली असते आणि दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या समाजाला हक्काची जागा मिळालेली असते. दुसरी बाजू अशी की, सार्वजनिक निधीतील वास्तू एका उपासनेची झाली तर इतरांचा वापर आपोआप थांबतो. काही ठिकाणी विहार किंवा देऊळ शेजारी स्वतंत्र बांधून सभागृह मोकळे ठेवले जाते. हा मार्ग दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखा असतो.

### वस्तीसाठी की गावासाठी

मागासवर्गीय वस्तीसाठी असलेल्या निधीतून झालेले सभागृह संपूर्ण गावाने वापरावे का, हा दुसरा प्रश्न आहे. इतरांना कायमची मनाई करणे समान प्रवेशाच्या तत्त्वाविरुद्ध जाते. उलट, वस्तीतील लोकांना तारीख मिळू नये इतका इतरांचा वापर वाढणे योजनेच्या हेतूविरुद्ध जाते. वस्तीला प्राधान्य व इतरांना खुला प्रवेश असा क्रम लेखी ठेवल्यास दोन्ही हेतू साधतात.

### नवीन बांधकाम की दुरुस्ती

नवीन वास्तूचे भूमिपूजन व उद्घाटन होते. गळणारे छत दुरुस्त केल्याचा समारंभ होत नाही. त्यामुळे जुने सभागृह नादुरुस्त असतानाच त्याच गावात नवे मंजूर होण्याचे प्रसंग घडतात. नव्या प्रस्तावाबरोबर जुन्या वास्तूंची यादी व स्थिती ग्रामसभेपुढे ठेवणे हा यावरील उपाय म्हणून सुचवला जातो. ग्रामसभेला असा तपशील मागण्याचा अधिकार आहे.

## अन्य देशांतील पद्धती

सिंगापूरमध्ये सार्वजनिक गृहनिर्माण वसाहतींतील समाजकेंद्रे १ जुलै १९६० रोजी स्थापन झालेल्या पीपल्स असोसिएशन या शासकीय मंडळाखाली चालतात आणि त्यांच्या व्यवस्थापन समित्यांत स्थानिक नागरिक असतात. तेथील निवासी इमारतींचे तळमजले मोकळे ठेवलेले असून लग्न व अंत्यविधीचे प्रसंग तेथे होतात. हाँगकाँगमध्ये समाजसभागृहांची नोंदणी शासनाच्या गृहव्यवहार विभागाच्या जिल्हा कार्यालयांमार्फत होते. ब्रिटनमध्ये नगरपालिकांच्या वसाहतींतील सभागृहे पुष्कळदा भाडेकरूंच्या संघटनांकडे असतात. पद्धती वेगळ्या असल्या तरी तारखांची उघड नोंद, रहिवाशांना कमी भाडे आणि मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी मूळ मालकाकडे, या बाबी बहुतेक ठिकाणी समान आढळतात.

## हे सुद्धा पहा

* गोंदिया जिल्हा
* ग्रामसभा
* चावडी
* धर्मशाळा
* बीडीडी चाळ
* महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण
* महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ
* झाडीपट्टी रंगभूमी